बहुमंचीय व्हिडिओ गेम आणि कन्सोलच्या शक्तीतील तफावत : पाठभेदाच्या अंगाने एक विचार

प्रस्तावना

व्हिडिओ गेम हा विषय अद्याप आपल्या महाविद्यालयीन चर्चेत फारसा आलेला नाही. चित्रपटाला अभ्यासविषय म्हणून मान्यता मिळण्यास जसा काळ जावा लागला, तसाच काळ या माध्यमालाही लागत आहे. मात्र जे माध्यम आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या कल्पनाविश्वाचा मोठा भाग व्यापून आहे, त्याविषयी समीक्षेने मौन पाळणे योग्य नाही. प्रस्तुत लेखात या माध्यमातील एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. एकच खेळ जेव्हा कमी-अधिक शक्तीच्या वेगवेगळ्या कन्सोलवर प्रकाशित होतो, तेव्हा तो ‘एकच’ राहतो काय? राहत नसेल, तर समीक्षक नेमक्या कोणत्या खेळाची समीक्षा करीत असतो?

अशा खेळांना व्यवसायात ‘मल्टिप्लॅटफॉर्म’ म्हणतात. येथे त्यांच्यासाठी ‘बहुमंचीय’ ही संज्ञा वापरली आहे. कन्सोलच्या शक्तीविषयी जी चर्चा होते ती बहुतांशी ग्राहकाच्या अंगाने होते. कोणते यंत्र घ्यावे, कोणत्या यंत्रावर चित्र अधिक स्वच्छ दिसते, एवढ्यापुरती ती सीमित असते. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी आहे की, शक्तीतील तफावत जोवर केवळ चित्राच्या स्वच्छतेत दिसते, तोवर तो तंत्रज्ञांचा विषय असतो. ती खेळाच्या नियमांत आणि रचनेत शिरते, तेव्हा तो पाठभेदाचा, म्हणजेच समीक्षेचा विषय होतो.

पाठभेद ही संकल्पना का?

पाठचिकित्सेची परंपरा आपल्याला परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेले आणि १९६६ साली पूर्ण केलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य सर्वपरिचित आहे. निरनिराळ्या प्रदेशांतील हस्तलिखितांतील भेद नोंदविल्याखेरीज ग्रंथाविषयी जबाबदारीने बोलता येत नाही, हे तत्त्व या परंपरेने रुजविले. बहुमंचीय खेळालाही हे तत्त्व लागू पडते. मात्र एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. हस्तलिखितांच्या बाबतीत अनेक पाठांमागील प्राचीन पाठाचा शोध घेतला जातो. खेळाच्या बाबतीत सर्व पाठ प्रकाशकाने स्वतःच अधिकृत म्हणून, एकाच नावाने आणि पुष्कळदा एकाच किमतीला विकलेले असतात. त्यामुळे ‘मूळ कोणता’ या प्रश्नापेक्षा ‘भेद कोठे आहे आणि त्याने काय बदलले’ हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

शक्ती म्हणजे एक अंक नव्हे

कन्सोलची शक्ती एका अंकात सांगण्याची प्रथा आहे. हा अंक किती अपुरा असतो, याची साक्ष २००५-०६ च्या पिढीने दिली. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये, तर सोनीचा प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आला. एक्सबॉक्स ३६० मध्ये ५१२ मेगाबाइट मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स या दोहोंसाठी सामायिक होती. प्लेस्टेशन ३ मध्ये एकूण मेमरी तेवढीच होती. पण ती २५६ आणि २५६ मेगाबाइट अशी विभागलेली होती. सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून तयार केलेल्या त्याच्या ‘सेल’ प्रोसेसरमध्ये एका मुख्य गाभ्याबरोबर खेळांना सहा साहाय्यक गाभे उपलब्ध होते. प्रत्येक साहाय्यक गाभ्याजवळ स्वतःची अशी केवळ २५६ किलोबाइट मेमरी होती आणि काम त्या मापात तोडून देण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर होती. कागदावर हे यंत्र प्रबळ होते. प्रत्यक्षात त्याची शक्ती परिश्रमाविना हाती लागत नव्हती.

याचा परिणाम बहुमंचीय खेळांत दिसून आला. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ (२००८) आणि ‘रेड डेड रिडेम्प्शन’ (२०१०) हे खेळ एक्सबॉक्स ३६० वर ७२० ओळींच्या चित्रात, तर प्लेस्टेशन ३ वर ६४० ओळींच्या चित्रात चालत. ‘बायोनेटा’ (२००९) हा खेळ प्लॅटिनमगेम्स या संस्थेने एक्सबॉक्स ३६० साठी घडविला. प्लेस्टेशन ३ वरील त्याचे रूपांतर सेगाने केले. त्या रूपांतरात गती मंदावे आणि प्रतीक्षेचा काळ वाढे. उलट ‘फायनल फँटसी १३’ हा खेळ प्लेस्टेशन ३ वर एका ब्लू-रे तबकडीत मावला, तर एक्सबॉक्स ३६० वर त्याला तीन डीव्हीडी लागल्या आणि चित्राची ओळसंख्याही ५७६ वर आली. म्हणजे ‘कोणते यंत्र अधिक शक्तिमान’ या प्रश्नाचे उत्तर खेळागणिक बदलत होते. तबकडीची क्षमता, मेमरीची मांडणी आणि खेळ मुळात कोणत्या यंत्रासाठी घडविला गेला, या तिन्ही गोष्टी त्या उत्तरात सामावलेल्या होत्या.

२०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या यंत्रांची जडणघडण परस्परांशी बरीच मिळतीजुळती होती. ग्राफिक्सची गणनक्षमता अनुक्रमे १.८४ आणि १.३१ टेराफ्लॉप, म्हणजे सुमारे १.४ पट तफावत होती. परंतु ‘कॉल ऑफ ड्यूटी : घोस्ट्स’ (२०१३) या खेळाचे चित्र पहिल्यावर १०८० ओळींचे आणि दुसऱ्यावर ७२० ओळींचे होते, बिंदूंच्या संख्येत ही तफावत सव्वादोन पट भरते. मुख्य मेमरीतून माहिती वाहून नेण्याचा वेग प्लेस्टेशन ४ मध्ये सेकंदाला १७६ गिगाबाइट, तर एक्सबॉक्स वनमध्ये ६८ गिगाबाइट होता. ही उणीव भरून काढण्यासाठी एक्सबॉक्स वनमध्ये दिलेली ३२ मेगाबाइटची वेगवान मेमरी मोठ्या चित्राला तोकडी पडत असे. यंत्राचा जाहीर अंक आणि खेळाडूला मिळणारा अनुभव यांच्यामध्ये यंत्राची समग्र रचना उभी असते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

भेदाचे तीन स्तर

उपर्युक्त उदाहरणांतील बहुतेक भेद दृश्य स्तरावरील आहेत. समीक्षेच्या सोयीसाठी शक्तिजन्य भेदांचे तीन स्तर कल्पिता येतील : दृश्यभेद, गतिभेद आणि रचनाभेद.

दृश्यभेद हा सर्वांत ठळक, परंतु सर्वांत कमी अर्थगर्भ असा स्तर आहे. ‘द विचर ३’ हा २०१५ सालचा विस्तीर्ण खेळ ऑक्टोबर २०१९ मध्ये निन्टेंडो स्विच या हातात मावणाऱ्या यंत्रावर आला. हातात धरून खेळताना त्याचे चित्र सुमारे ५४० ओळींचे होते. झाडीची दाटी उणावली, दूरची दृश्ये धूसर झाली. परंतु दोन्ही पुरवण्यांसह संपूर्ण कथानक ३२ गिगाबाइटच्या कार्डावर आले आणि त्यातील निवडी व त्यांचे परिणाम अबाधित राहिले. हा भेद कादंबरीच्या स्वस्त आवृत्तीसारखा आहे. कागद पातळ असतो आणि छपाई फिकट असते, पण संहिता तीच असते.

गतिभेदाचा स्तर याहून सूक्ष्म आहे. ‘डूम’ (२०१६) हा खेळ प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर सेकंदाला ६० चित्रे दाखवी, तर २०१७ च्या स्विच आवृत्तीत ३०. प्रत्येक चित्र पडद्यावर राहण्याचा काळ १६.७ मिलिसेकंदांवरून ३३.३ मिलिसेकंदांवर गेला. चित्रपटात अशा फरकाने केवळ पाहण्याचा अनुभव बदलेल. खेळात मात्र पाहणे आणि करणे ही एकच क्रिया असते. बोटाने दिलेली आज्ञा आणि पडद्यावरील तिचे फळ यांतील अंतर वाढले की, शत्रू तेच आणि तेवढेच असूनही सामना काहीसा निराळा होतो. येथे शब्द तेच राहून लय बदलते. आणि लय हा आशयाचाच घटक असल्याचे आपण कवितेच्या बाबतीत केव्हाच मान्य केले आहे.

रचनाभेद हा तिसरा आणि निर्णायक स्तर. कॅपकॉमचा ‘डेड रायझिंग’ (२००६) हा खेळ त्याचे उत्तम उदाहरण आहे. फ्रँक वेस्ट हा छायाचित्र-पत्रकार एका प्रचंड मॉलमध्ये अडकतो आणि मॉल चालत्या प्रेतांनी गच्च भरलेला असतो. खेळातील ७२ तासांचे घड्याळ खेळाडूसाठी थांबत नाही. कोणाला वाचवायचे आणि कोणाला सोडायचे, हे त्याला ठरवावे लागते. दुकानांच्या झगमगाटात निर्जीवपणे फिरणारी ती गर्दी हाच या खेळाचा उपरोध आहे. एक्सबॉक्स ३६० च्या शक्तीमुळे ती गर्दी पडद्यावर उभी करता आली. म्हणजे येथे यंत्राची शक्ती सजावट नसून आशयाचे साधन होती.

२००९ साली हा खेळ ‘डेड रायझिंग : चॉप टिल यू ड्रॉप’ या नावाने निन्टेंडो वीवर आला. वीची एकूण मेमरी ८८ मेगाबाइट होती, म्हणजे ५१२ च्या सहाव्या हिश्शाच्या जवळपास. साहजिकच गर्दी फार विरळ झाली. त्याबरोबरच सलग घड्याळाऐवजी एकामागून एक येणाऱ्या कामगिऱ्यांची रचना आली आणि छायाचित्रे काढण्याची सोय काढून टाकली गेली. गर्दी कमी करणे यंत्राच्या मर्यादेमुळे अटळ होते. कॅमेरा काढणे हा मात्र रूपांतरकारांचा निर्णय होता, त्याचे खापर मेमरीवर फोडता येणार नाही. तथापि परिणाम एकत्रितच झाला. छायाचित्र-पत्रकाराच्या हातून कॅमेरा गेला, वेळेच्या दडपणातून येणारे नैतिक ओझे हलके झाले आणि उपरोधाची गर्दी पांगली. मॉल तोच, नायक तोच. पण ही कृती दुसरी आहे.

स्मरण ठेवणारा खेळ आणि विसरभोळे यंत्र

रचनाभेद नेहमीच असा उघड नसतो. बेथेस्डाचा ‘स्कायरिम’ (११ नोव्हेंबर २०११) तिन्ही मंचांवर एकाच दिवशी, एकाच रूपात आला. खेळाडूने एखाद्या घरात टाकलेली वस्तू पुष्कळ काळानंतर परत गेल्यावर तेथेच सापडावी, अशी त्यातील जगाची प्रतिज्ञा आहे. आपण जे केले ते जग लक्षात ठेवते, हाच त्याचा गाभा. प्रकाशनानंतर थोड्याच दिवसांत प्लेस्टेशन ३ वरील खेळाडूंकडून तक्रारी आल्या की, जतन केलेली नोंद जसजशी मोठी होते तसतशी खेळाची गती मंदावत जाते. बेथेस्डाने दुरुस्तीचे पॅच काढले. ‘डॉनगार्ड’ ही पुरवणी एक्सबॉक्स ३६० वर जून २०१२ मध्ये आली. प्लेस्टेशन ३ वर येण्यास तिला फेब्रुवारी २०१३ उजाडावा लागला.

सतत वाढणारी स्मृती बाळगणाऱ्या खेळाला विभागलेली मेमरी अधिक जाचक ठरावी, हे समजण्यासारखे आहे. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, येथे दोष खेळाच्या मर्मावरच पडला. जो खेळाडू त्या जगात सर्वाधिक रमला, ज्याने सर्वाधिक खुणा मागे ठेवल्या, त्यालाच सर्वाधिक त्रास झाला. पहिल्या काही तासांवरून अभिप्राय लिहिणाऱ्यास हा भेद दिसणेच शक्य नव्हते. म्हणून पाठभेद नोंदविताना केवळ यंत्र नव्हे, तर खेळण्याचा कालावधीही नोंदवावा लागतो.

दुबळ्या यंत्राचा प्रबळ यंत्रावरील परिणाम

आतापर्यंत दुबळ्या यंत्रावरील पाठाचा विचार झाला. परंतु बहुमंचीय निर्मितीत प्रभाव उलट दिशेनेही वाहतो. ‘असॅसिन्स क्रीड : युनिटी’ (नोव्हेंबर २०१४) हा खेळ प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या दोहोंवर ९०० ओळी आणि सेकंदाला ३० चित्रे या समान मापावर आला. वाद टाळण्यासाठी माप समान ठेवले, अशा आशयाचे विधान युबिसॉफ्टच्या एका वरिष्ठ निर्मात्याच्या नावे प्रसिद्ध झाले आणि गदारोळ माजला. कोणत्याही यंत्रासाठी दर्जा मुद्दाम उतरविला नसल्याचा खुलासा कंपनीने केला. गंमत अशी की, क्रांतिकालीन पॅरिसमधील दाट जमावात गती दोन्ही यंत्रांवर ढासळली आणि ती प्लेस्टेशन ४ वर अधिक ढासळली. कारण जमावाचे वर्तन चालविण्याचा भार ग्राफिक्सवर नव्हे, तर मुख्य प्रोसेसरवर होता आणि त्याचा वेग एक्सबॉक्स वनमध्ये १.७५, तर प्लेस्टेशन ४ मध्ये १.६ गिगाहर्ट्झ होता. ‘प्रबळ’ आणि ‘दुबळे’ ही विशेषणे खेळाच्या मागणीनुसार जागा बदलतात, हे येथे पुन्हा सिद्ध झाले.

‘बाल्डर्स गेट ३’ चे उदाहरण याहून बोलके आहे. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा हा खेळ ऑगस्ट २०२३ मध्ये संगणकावर आणि सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ वर आला. मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स सिरीज एक्स (१६ गिगाबाइट) आणि स्वस्त सिरीज एस (१० गिगाबाइट) अशी दोन यंत्रे होती आणि दोहोंवर खेळाची वैशिष्ट्ये समान असावीत, असा कंपनीचा आग्रह होता. एकच पडदा दोघांत विभागून खेळण्याची सोय सिरीज एसवर बसेना. परिणामी सबळ अशा सिरीज एक्सवरील खेळही अडला. अखेर सिरीज एसला त्या सोयीपुरती सूट मिळाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये खेळ प्रकाशित झाला. विशेष म्हणजे, एप्रिल २०२५ मधील आठव्या पॅचने तीच सोय सिरीज एसवरही आणली.

यंत्र तेच राहिले. बदलले ते त्यावर खर्चलेले श्रम. शक्तीतील तफावत काही प्रमाणात श्रमाने भरून काढता येते, मात्र त्या श्रमाला वेळ आणि पैसा लागतो आणि तो कोणत्या आवृत्तीवर खर्च करावयाचा हे बाजाराचे गणित ठरविते. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ (२००५) प्रथम निन्टेंडोच्या गेमक्यूबवर आला. त्याच वर्षी तो अधिक दुबळ्या प्लेस्टेशन २ वर आला, तेव्हा त्याची दृश्ये साधी झाली आणि कथाप्रसंग आधीच चित्रित करून ठेवावे लागले. नायकाचा पोशाख बदलला तरी त्या प्रसंगांत तो जुन्याच पोशाखात दिसे. परंतु प्लेस्टेशन २ चा ग्राहकवर्ग कैक पटींनी मोठा असल्याने ‘सेपरेट वेज’ हा नवा कथाभाग याच आवृत्तीला मिळाला. चित्र गरीब आणि कथा समृद्ध असा हा पाठ आहे. शक्तीची उतरंड आणि पाठाची उतरंड एकच मानता येत नाही, हे यावरून ध्यानी यावे.

समीक्षेची जबाबदारी

या विवेचनाचा खरा कस ‘सायबरपंक २०७७’ च्या प्रकरणात लागतो. सीडी प्रोजेक्ट रेड या पोलिश कंपनीचा हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजी प्रकाशित झाला. प्रकाशनापूर्वी समीक्षकांना देण्यात आलेली प्रत संगणकावरची होती. पहिले गौरवपर अभिप्राय त्या प्रतीवर बेतलेले होते. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या २०१३ च्या यंत्रांवरील पाठ मात्र इतका सदोष निघाला की, कंपनीने १४ डिसेंबरला क्षमायाचना करून, जुन्या यंत्रांवरील खेळ आपण आधी दाखविला नाही याची कबुली दिली. त्याच आठवड्यात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला. जून २०२१ मध्ये तो परतला. पुढे सप्टेंबर २०२३ मधील २.० आवृत्ती आणि ‘फँटम लिबर्टी’ ही पुरवणी जुन्या यंत्रांना मिळाली नाही. आज ज्या खेळाचे कौतुक होते, तो खेळ प्लेस्टेशन ४ च्या मालकाच्या हाती कधी आलाच नाही.

कंपनीच्या दोषाची चर्चा पुष्कळ झाली; समीक्षेच्या दोषाची त्या मानाने थोडी झाली. एक पाठ वाचून सर्व पाठांविषयी निवाडा दिला गेला, हा तो दोष होय. येथे आपल्याकडील वास्तवाचा संबंध येतो. प्लेस्टेशन ५ भारतात अधिकृतपणे आला तो २ फेब्रुवारी २०२१ रोजी. म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये मुंबई, नागपूर वा पणजी येथील सोनीच्या ग्राहकापुढे अधिकृत मार्गाने प्लेस्टेशन ४ वाचून पर्याय नव्हता. नवे यंत्र उशिरा आणि महाग मिळते, अशा समाजात दुबळा पाठ हाच अनेकांचा एकमेव पाठ असतो. सबळ यंत्रावरून केलेली समीक्षा अशा वाचकाला केवळ अपुरी पडत नाही, तर ती त्याची दिशाभूल करते.

समारोप

उपर्युक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, कन्सोलची शक्ती हा एक अंक नसून मेमरी, प्रोसेसर, साठवण आणि निर्मितीचे श्रम यांचा संयोग आहे. दुसरा, शक्तिजन्य भेद दृश्य, गती आणि रचना या तीन स्तरांवर पडतो आणि समीक्षेने पहिल्यात अडकून न पडता उरलेल्या दोहोंकडे लक्ष द्यावे. तिसरा, या खेळाचा आशय शक्तीवर उभा आहे की शक्ती केवळ त्याचे वस्त्र आहे, हे प्रत्येक खेळापुरते तपासावे लागते. ‘द विचर ३’ दुबळ्या यंत्रावर तगला आणि ‘डेड रायझिंग’ तगला नाही, याचे कारण यातच आहे. चौथा, बहुमंचीय खेळाविषयी लिहिताना यंत्र, आवृत्ती आणि खेळण्याचा कालावधी यांची नोंद करणे ही तांत्रिक औपचारिकता नसून समीक्षेची पूर्वअट आहे.

आपण कोणता पाठ वाचला हे सांगितल्याखेरीज ग्रंथाविषयी मत देऊ नये, हा दंडक आपण आपल्या विद्यार्थ्यांना संशोधनाच्या पहिल्याच तासाला शिकवितो. नव्या माध्यमाकडे वळताना तो दंडक मागे ठेवून जाण्याचे काही कारण नाही.